फिलिपिनो चित्रकार आणि साहित्यिक

आधुनिक फिलिपिनो कला आणि साहित्य यांची पहिली मोठी कामगिरी स्पॅनिश राजवटीच्या उतरत्या काळात, आणि तीही मायदेशाबाहेर युरोपात घडली. 1884 साली माद्रिदच्या राष्ट्रीय कलाप्रदर्शनात हुआन लुना (1857–1899) यांच्या ‘स्पोलियारियम’ या तैलचित्रास सुवर्णपदक, तर फेलिक्स रेसुर्रेक्सियोन इदाल्गो यांच्या चित्रास रौप्यपदक मिळाले. वसाहतीतील माणसे जन्मतःच कमी कुवतीची, असे मानणाऱ्यांच्या राजधानीत हा निकाल लागला होता.

लुना यांनी रोममध्ये रंगविलेले हे चित्र सुमारे 4.22 मीटर उंच आणि 7.67 मीटर रुंद आहे. झुंजीत मेलेल्या ग्लॅडिएटरांची प्रेते रोमन आखाड्याखालच्या अंधाऱ्या दालनात फरफटत नेली जात आहेत, एका बाजूला गर्दी ते पाहते आहे आणि दुसऱ्या बाजूला एक स्त्री पाठमोरी कोसळली आहे. विषय प्राचीन रोमचा असला, तरी लुना यांच्या देशबांधवांना त्यात परसत्तेखाली चिरडलेली आपलीच जनता दिसली. आज हे चित्र मनिलाच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात आहे.

25 जून 1884 रोजी माद्रिदमध्ये या दोघा चित्रकारांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत होसे रिझाल (1861–1896) या तेवीस वर्षांच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, प्रतिभा ही कोणा एका देशाची मालमत्ता नव्हे, असे ठासून सांगितले. चित्रकलेतील यशाने लेखणीला बळ दिले, असा या घटनेचा अर्थ लावणे योग्य ठरेल. कारण पुढे याच रिझाल यांनी स्पॅनिश भाषेत ‘नोली मे तांगेरे’ (बर्लिन, 1887) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (गेंट, 1891) या कादंबऱ्या लिहून धर्मगुरूंचा आणि शासनाचा जुलूम उघडा केला. 30 डिसेंबर 1896 रोजी मनिलात त्यांना गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. 1956 च्या कायद्याने, कॅथलिक चर्चचा तीव्र विरोध असतानाही, त्यांचे जीवन आणि लेखन शिक्षणक्रमात सक्तीचे झाले.

स्पॅनिश राजवटीनंतर आलेल्या अमेरिकी अमलात इंग्रजी रुजली, आणि फिलिपिनो साहित्य स्पॅनिश, इंग्रजी, टागालोग व इतर देशी भाषांत विभागले गेले. कामगार नेते आमादो हेर्नांदेझ यांनी टागालोगमधील आपल्या काही उत्कृष्ट कविता तुरुंगात लिहिल्या, तर निक होआकिन यांनी जुन्या मनिलाचे स्पॅनिश वळणाचे जग इंग्रजीत उभे केले.

राष्ट्रीय कलावंत हा देशाचा सर्वोच्च कलासन्मान 1972 मध्ये सुरू झाला आणि पहिल्यांदा तो फर्नांदो आमोरसोलो यांना मरणोत्तर मिळाला. भातलावणी करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या पाठीमागून येणारे लख्ख ऊन ही त्यांच्या चित्रांची ओळख होय. अंगोनो गावचे कार्लोस ‘बोतोंग’ फ्रान्सिस्को यांना हा सन्मान 1973 मध्ये मिळाला. मनिलाच्या नगरभवनासाठी रंगविलेल्या त्यांच्या भव्य भित्तिचित्रांत फिलिपिनो लोकांचा संघर्ष साकारला आहे.

फ्रान्सिस्को सिओनिल होसे (1924–2022) यांची पाच कादंबऱ्यांची ‘रोसालेस’ मालिका भूमिहीन शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांची कथा सांगते. विनोबा भावे आणि बाबा आमटे यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार होसे यांना 1980 मध्ये मिळाला. मनिलात त्यांनी काढलेल्या पुस्तकांच्या दुकानाचे नाव ‘सोलिदारिदाद’ आहे. रिझाल ज्यात लिहीत, त्या स्पेनमधील सुधारणावादी फिलिपिनोंच्या नियतकालिकाचेही नाव हेच होते.