ब्रोशरला मार्क द्यायची पद्धत आली कुठून

घोडबंदर रोड नाहीतर खारघरच्या घरांच्या प्रोजेक्टची चार ब्रोशरं शेजारी शेजारी मांडून ले-आऊटला इतके, अक्षरांना इतके, फोटोंना इतके असे मार्क द्यायचे, हा प्रकार तसा अलीकडचाच. शिळाप्रेस, ब्लॉक, ट्रेडलच्या जमान्यात जाहिरातीचा कागद बघणारा छपाईच बघायचा. ऑफसेट आल्यावरही तेच. वागळे इस्टेटमधला प्रेस काय नि तुर्भ्यातला काय, शीट मशीनवरून निघाली की भिंग लावायचं, चारही रंगांचे ठिपके नीट बसलेत का, शाई कुठे जास्त चढलीय का बघायचं, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकावर एक बसणं, हललेलं नसलं की जॉब चांगला. डिझाइनबद्दल काय ते पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, बोलेल!

डीटीपीने, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावायच्या पद्धतीने, ही घडी विस्कटली. पेजमेकर १९८५ चं, कोरलड्रॉ १९८९ चं, आपल्याकडे नाक्यानाक्यावर पोचले नव्वदच्या दशकात, आणि मग एका पॅम्प्लेटवर सहा फॉन्ट, प्रत्येकाला सावली, मागे इंद्रधनुष्य. छपाई एकदम स्वच्छ पण कागद बघवत नाही, असे जॉब यायला लागले तेव्हा कुठे डिझाइन वेगळं तपासायला हवं हे डोक्यात शिरलं.

पण खरा वाद क्यूआर कोडचा, त्यावरून डिझाइनचे मार्क कापायचे की नाही. घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि जाहिरातीत प्रोजेक्टचा रेरा रजिस्ट्रेशन नंबर छापणं आलं. तो बऱ्याच जणांनी मागच्या पानावर तळाला, करड्यावर करडा, मुंगीएवढा छापला, आणि तरी ब्रोशर 'क्लीन' म्हणून कौतुक. मग १ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात क्यूआर कोड सक्तीचा झाला, तोही जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. वरचा उजवा कोपरा म्हणजे बहुतेकांच्या लोगोची जागा! डिझाइनवाले भडकले, म्हणाले ही कायद्याची अट आहे, आमच्या डिझाइनचे मार्क त्यावरून कापू नका. वरवर पटतं, पण मला नाही पटत. कोडच्या चारही बाजूंना त्यातल्याच चार-चार बारक्या चौकोन्यांएवढी मोकळी जागा लागते, ती खाऊन टाकली, कोड सोनेरी फॉइलमध्ये घेतला, घडीवर आणला किंवा वरून चकचकीत लॅमिनेशन मारलं की ट्यूबलाइटखाली फोन नुसता फिरवत बसायचं. हे सगळं ठरवतो डिझाइनरच ना? फ्लॅट घेणाऱ्याला त्या कोडवरून बांधकामाची मंजुरी, पझेशनची तारीख बघायची असते, त्याला गच्चीवरच्या स्विमिंग पूलच्या रेंडरशी काय करायचंय. लोगोला हलवा की डावीकडे, काही बिघडत नाही.

उलट बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे, सगळ्यांचा कोपरा सारखाच झाल्यामुळे कव्हरची मांडणी थोडी साचेबंद झाली.

त्यानंतर २०२५ मध्ये अक्षरांच्या आकारावरही बोट ठेवलं गेलं, रजिस्ट्रेशन नंबर वगैरे मजकूर संपर्काच्या नंबर-पत्त्यापेक्षा बारीक नको. म्हणजे आता फोन नंबर वाढवायचा तर रेराचा नंबरही वाढवा, त्यामुळे 'फोन नंबर अजून मोठा करा' म्हणणाऱ्या पार्टीला डिझाइनरकडे निदान एक उत्तर तरी आहे.