ठाण्याचा महापौर कसा निवडला जातो? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

शिकागोत 2023 साली महापौरपदासाठी नऊ जण उभे होते. 28 फेब्रुवारीच्या मतदानात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून पहिल्या दोघांमध्ये 4 एप्रिलला पुन्हा मतदान झालं. पहिल्या फेरीत दुसरे असलेले ब्रँडन जॉन्सन त्यात जिंकले. आपल्याकडे अशी दुसरी फेरी नाही, आणि महापौरासाठी ठाणेकराचं थेट मतही नाही. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरचे मतदार नगराध्यक्ष थेट निवडतात. तिथेही ज्याला जास्त मतं, तो विजयी. ठाणे-नवी मुंबईत मात्र आपण नगरसेवक निवडतो आणि महापौर ते ठरवतात. ठाण्यात नगरसेवक 131, नवी मुंबईत 111. म्हणजे निर्विवाद बहुमताचा आकडा अनुक्रमे 66 आणि 56.

त्यामुळे महापौर व्हायचं तर आधी नगरसेवकाचा अर्ज. वय किमान 21, नाव त्याच महापालिकेच्या मतदार यादीत हवं. प्रभाग दुसरा असला तरी चालतो. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर अपात्र. पालिकेचं कंत्राट घेतलेलं नसावं, कर थकलेला नसावा. अर्ज भरून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. सोबत मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती देणारं शपथपत्र, अनामत रकमेची पावती, आणि पक्षाचा उमेदवार असल्यास एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने दिलेलं अधिकृत उमेदवारीचं पत्र. हा फॉर्म शेवटच्या तासाला हातात पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीची फाइल तरी आधी तयार ठेवा.

खरी मेख जातीच्या दाखल्यात आहे. महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मंत्रालयात निघते, आणि 2026 च्या निवडणुकीत ती निकालानंतर निघाली. मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं, सोडत 22 जानेवारीला. ठाण्याचं पद अनुसूचित जातीसाठी राखीव झालं, नवी मुंबईचं सर्वसाधारण महिलेसाठी. खुल्या जागेवरून निवडून आलेला नगरसेवक त्या प्रवर्गातला असेल, तर तोही महापौरपदाचा दावेदार. पण दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जवळ हवं. खुल्या जागेवर लढताना ते मागत नाहीत, म्हणून बरेच जण काढतच नाहीत, आणि सोडतीनंतर धावपळ करायला फार दिवस उरत नाहीत.

निकालानंतर पक्ष बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी करतात, म्हणजे आपल्या नगरसेवकांचा एक गट म्हणून नोंदवतात. पक्षादेश मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं. तरीही फूट टाळायला नगरसेवकांना सहलीला नेणाऱ्या बसगाड्या निघतातच. महापौरपदाचा अर्ज एका पानाचा, महापालिका सचिवांकडे द्यायचा. त्यावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन नगरसेवकांच्या सह्या लागतात. मग विशेष सभा. पीठासीन अधिकारी अर्जांची छाननी करतात, माघारीसाठी थोडी मिनिटं देतात. एकच अर्ज उरला तर निवड बिनविरोध, नाहीतर हात वर करून मतदान. गुप्त मतदान नसल्याने कोण कुठे गेला ते सभागृहातच दिसतं. मतं समान पडली तर फेरमतदान नाही, चिठ्ठी काढतात. उपमहापौराची निवड त्याच सभेत होते.

मुदत अडीच वर्षांची. त्यानंतर नवी निवड होते, पण ठाणेकर मतदाराला त्यासाठी मतदान केंद्रावर जावं लागत नाही.