‘रविवारी काय करतेयस?’

मेसेज तीन शब्दांचा आहे, पण तो लिहायला अर्धा तास गेला आहे. आधी ‘काय करते आहेस’ असं लिहिलं, ते फार औपचारिक वाटलं म्हणून ‘करतेयस’ केलं. पुढे एक हसरा चेहरा टाकला, काढला, पुन्हा टाकला. पाठवणाऱ्याच्या मते त्यात सगळं येऊन गेलं आहे: तू मला आवडतेस, आपण दोघांनी भेटावं, आणि हे विचारताना माझं काळीज धडधडतंय. पलीकडे तिने फोन उचलला, मेसेज वाचला आणि लिहिलं, ‘काही नाही, घरीच. का रे?’

तिला खरोखरच काही कळलेलं नाही. (इथे तो आणि ती फक्त सोयीसाठी. विचारणारी ती असेल किंवा दोघेही तो असतील, तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.)

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची लय बोटांनी टेबलावर वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर आणि शब्द चालू असतात, त्यामुळे समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही.

मेसेजचंही असंच होतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ईमेलवर ही गोष्ट तपासली. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायची, आणि वाचणाऱ्याने कोणतं कसं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं होतं की ७८ टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा ७३ टक्के बरोबर ओळखली गेली. ईमेलवर ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं. आणि वाचणाऱ्यांनाही आपण नीट ओळखलंय अशी चांगलीच खात्री होती. आपलं वाक्य आपण आपल्या आवाजात वाचतो, तो आवाज वाक्याबरोबर जात नाही, आणि तो गेला नाही हे दोन्ही टोकांना कुणालाच जाणवत नाही.

आवडण्याच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. मॅनिटोबा विद्यापीठातल्या जॅकी व्होरॉअर यांनी रेबेका रॅटनर यांच्यासोबत १९९६ साली प्रसिद्ध केलेलं संशोधन मला या विषयातलं सर्वांत हृदयाला भिडणारं वाटतं. दोघं एकमेकांना आवडतात, पण पुढाकार कुणीच घेत नाही, तेव्हा लोक काय समजतात? स्वतःबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘नकाराची भीती वाटली.’ समोरच्याबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘त्याला रस नसेल.’ वागणं दोघांचं सारखंच, पण स्वतःच्या गप्प राहण्याला एक कारण आणि दुसऱ्याच्या गप्प राहण्याला वेगळंच. व्होरॉअर यांच्याच गटाने २००३ साली पुढचा दुवा दाखवला. नकाराची धास्ती असलेली माणसं अगदी बारीकसा इशारा करतात आणि तो समोरच्याला स्पष्ट कळला असेल असं मानून चालतात. समोरचाही कदाचित त्याच क्षणी तितकाच बारीक इशारा करत असतो. अशाने किती ओळखी सुरू होण्याआधीच संपत असतील, याचा विचार मनातून जात नाही.

म्हणून ‘रविवारी काय करतेयस?’ हा प्रश्न मला वाईट वाटतो. त्यात विचारणाऱ्याचं काहीच पणाला लागत नाही. नकार आलाच तर ‘सहज विचारलं’ म्हणायची सोय आहे. पण उत्तर देणारीला आधी आपला वेळ उघड करावा लागतो, आणि तो कशासाठी हवाय हे तिला नंतर कळणार. ‘घरीच आहे’ असं लिहून बसल्यावर पुढच्या प्रश्नाला ‘वेळ नाही’ म्हणणं अवघड होतं.

त्यापेक्षा असं लिहिलं तर? ‘रविवारी संध्याकाळी माझ्यासोबत फिरायला येशील का? आपण दोघंच.’ कधी, काय, कोणासोबत हे सगळं त्यात आहे. ‘आपण दोघंच’ हे दोन शब्द सगळ्यांत महत्त्वाचे, कारण त्यांच्यामुळे ही मित्रमंडळींची भेट आहे की आणखी काही, हा संशय उरत नाही. ओळख नवी असेल तर चार माणसं असतील अशी जागाही सांगून टाकावी.

एवढं लिहायला जागाही फार लागत नाही. एसएमएसची १६० अक्षरांची मर्यादा ठरली त्यामागे जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड होते. १९८५ साली त्यांनी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली, तेव्हा बहुतेक मजकूर १६० च्या आत बसला. ही मोजणी रोमन लिपीसाठी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तांत्रिकदृष्ट्या जास्त जागा घेतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत ७० चिन्हं बसतात, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. वरचा मेसेज रिकाम्या जागा धरून ५८ चिन्हांचा आहे.

विरामचिन्हं आणि इमोजी यांबद्दल थोडक्यात. बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन यांच्या गटाला असं आढळलं की ‘हो’ यासारख्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला की मेसेजमध्ये ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं, मात्र हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असा फरक पडत नाही. इमोजींबद्दल मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की अगदी एकच चित्र बघूनही ते आनंदाचं की नाराजीचं, यावर लोकांचं चारातल्या एका वेळी एकमत होत नाही. म्हणजे पुसट वाक्याला हसरा चेहरा जोडून ते स्पष्ट होईल अशी आशा धरू नये.

मेसेज गेला. आता वाट बघणं.

हा वेळ इतका जड का जातो, याचं एक उत्तर समोरासमोरच्या बोलण्यात आहे. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या १० भाषांमधली संभाषणं तपासली. हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवायलाही जवळपास एवढाच वेळ लागतो. होकार नकारापेक्षा लवकर येतो, हेही त्यांना दिसलं. नकार देणारा अडखळतो, ‘अं...’ म्हणतो, कारण शोधतो. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे उशीर आणि नकार यांची सांगड आपल्या मनात पक्की बसलेली असते. मेसेजमध्ये उशिराला हजार कारणं असू शकतात: ती गाडी चालवत असेल, मीटिंगमध्ये असेल, झोपली असेल. पण मन तीच जुनी सांगड घालत राहतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निळ्या टिका आणल्या तेव्हा या वाट बघण्यात नवी भर पडली. वाचलंय, हे आता कळतं. ‘टायपिंग...’ दिसतं आणि नाहीसं होतं. समोरची व्यक्ती शब्द शोधते आहे, एवढंच त्यावरून कळतं. त्यापलीकडचा अर्थ काढायला आपल्याकडे काहीच नसतं.

उलट बाजूने, मुद्दाम उशिरा उत्तर द्यावं म्हणजे आपली किंमत वाढते, असा सल्ला सर्रास दिला जातो. २०११ च्या एका प्रयोगात ४७ विद्यार्थिनींपैकी ज्यांना ‘त्या मुलाला आपण किती आवडलो’ हे कळू दिलं नव्हतं, त्या त्याच्याकडे जास्त ओढल्या गेल्या, हे खरं. पण २०१८ साली गुरित बर्नबाउम यांच्या गटाच्या प्रयोगांत नेमकं उलटं दिसलं: अनिश्चिततेमुळे आकर्षण कमी झालं. असं असताना कुणाला ताटकळत ठेवायला विज्ञानाचा आधार घेऊ नये असं मला वाटतं.

‘समोर जाऊनच विचार की’, हा सल्लाही तुम्ही ऐकला असेल. त्यामागे आकडा आहे, आणि तो जबरदस्त आहे. महदी रोघनिझाद आणि व्हॅनेसा बॉन्स यांनी २०१७ साली ४५ जणांना प्रत्येकी १० अनोळखी माणसांना एक प्रश्नावली भरायची विनंती करायला लावली, काहींना ईमेलने आणि काहींना समोर जाऊन. समोर केलेली विनंती ३४ पट परिणामकारक ठरली.

पण हा होकार आला कुठून? तोंडावर नाही म्हणणं फार अवघड जातं, हे त्यातलं एक मोठं कारण आहे. प्रश्नावली भरून देण्यात कुणाचं फारसं बिघडत नाही. डेटला मात्र हाच होकार नको असतो. समांथा जोएल यांच्या २०१४ च्या प्रयोगात, न आवडलेल्या व्यक्तीला भेटायला आपण नकार देऊ असं कल्पनेत सांगणं लोकांना सोपं गेलं. ती व्यक्ती खरोखरच पलीकडच्या खोलीत बसली आहे असं वाटलं, तेव्हा कितीतरी जणांनी तिचं मन दुखवायला नको म्हणून होकार दिला. बॉन्स यांनीच २०१९ साली लॉरेन डीव्हिन्सेंट यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की विचारणाऱ्यांना समोरच्याची ही अडचण खूपच कमी दिसते. आपल्याला वाटतं, नको असेल तर म्हणेल नाही. तिला मात्र ते एक ‘नाही’ म्हणायला दिवस दिवस शब्द सापडत नाहीत. एकाच ठिकाणी काम करत असतील तर अवघडलेपण आणखी वाढतं.

मेसेजची खरी ताकद मला इथे दिसते. चेहरा समोर नसतो, उत्तर सेकंदाच्या पाचव्या भागात द्यावं लागत नाही, लिहिलेलं खोडता येतं. आवाज न पोचण्याची उणीव स्पष्ट शब्दांनी बरीच भरून निघते. नाही म्हणायला मिळणारी ही मोकळीक समोरासमोर सहज मिळत नाही. म्हणून विचारताना एक ओळ जास्त लिहावी: ‘नको वाटत असेल तर तसं सांग, मला चालेल.’ आणि ती खरी असेल तरच लिहावी.

नकार दुखतो, यात शंका नाही. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी काही जणांना संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून वगळलं आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं, तेव्हा शारीरिक वेदनेशी संबंधित असलेला एक भाग जास्त सक्रिय दिसला. ‘मन दुखणं’ शब्दशः खरं आहे, असं तेव्हा खूप छापून आलं. २०१४ मध्ये चूंग-वान वू आणि टोर वेजर यांच्या गटाने अधिक बारकाईने पाहिलं, तेव्हा त्याच भागात वेदना आणि नकार यांचे नमुने वेगवेगळे निघाले. दुःख खरंच असतं, पण भाजल्याच्या वेदनेची ती नक्कल नाही. आणि जोएल यांच्याच २०१९ च्या अभ्यासात लोकांनी नकार मिळाल्यापेक्षा संधी हुकल्याची खंत जास्त वाटेल असं सांगितलं.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं दोघं बघून घेतील. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतही नाही. ‘बघू’ असं येतं. ‘या आठवड्यात जरा गडबड आहे’ असं येतं. संभाषणाचे अभ्यासक सांगतात की नकार असाच येतो: उशिरा, मऊ करून, कारणाची शाल पांघरून. गडबडीच्या उत्तराबरोबर दुसरा दिवस सुचवलेला असेल, तर गडबड खरी आहे. नुसतंच ‘बघू’ असेल, तर तिने तिच्या परीने सांगून टाकलं आहे. अशा वेळी पुन्हा ‘मग पुढच्या रविवारी?’ असं विचारू नये. ‘काही हरकत नाही. कळवलंस, बरं वाटलं’ एवढं लिहावं, आणि उद्या ती समोर आली की नेहमीसारखंच बोलावं.