सावरीचा कापूस : उशीतून लाइफ जॅकेटमध्ये, तिथून रस्त्यावर

सावरीचं बोंड उकललं की म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. दिसायला हा कापूसच, पण सूत काढायला बसलं तर धागा धरत नाही. कपाशीचा तंतू बीच्या सालीवर उगवतो आणि सुकताना चपटा होऊन पीळ घेतो. त्या पिळामुळे तंतूत तंतू गुंततो. सावर आणि कपोक म्हणजे पांढरी सावर यांचा तंतू बोंडाच्या आतल्या भिंतीवर वाढतो. तो आखूड, गुळगुळीत, वरून मेणचट आणि आतून पोकळ. म्हणून तो चरख्यावर फारसा चढला नाही, गाद्या-उशांत गेला. गंमत म्हणजे ही झाडं आणि कपाशी आज एकाच कुळात, भेंडी-जास्वंदीच्या, धरली जातात.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये दोन्ही सावरींना बॉम्बॅक्स या प्रजातीत बसवलं. या नावाचं मूळ रेशीमकिड्याच्या ग्रीक नावात आहे. म्हणजे नाव देताना कापसाऐवजी रेशीम आठवलं. १७९१ मध्ये गेर्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने कपोकला सेइबा प्रजातीत हलवलं, काटेसावर मागेच राहिली. दक्षिण अमेरिकेतलं गुलाबी फुलांचं, फुगीर काटेरी बुंध्याचं झाड कोरिसिया झालं, लुई कोरिस या चित्रकाराच्या नावावरून. १९९८ मध्ये तेही सेइबात गेलं. कोरिसचं नाव शास्त्रीय पाटीवरून पुसलं गेलं, तरी बागकामात ते अजून टिकून आहे, आणि मला ते बरंच वाटतं.

या कापसाचे सगळ्यात भरभराटीचे दिवस कपोकचे. ‘कपोक’ हा शब्दच मलय-जावी भाषांतला, आणि दुसऱ्या महायुद्धाआधी जगाच्या बाजारातला बहुतेक माल डचांच्या ताब्यातल्या जावातून यायचा. पोकळ तंतूत हवा कोंडलेली, वर मेण असल्याने पाणी आत शिरत नाही. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० पट भार तो पाण्यावर तोलतो. साहजिकच जहाजांवरच्या लाइफ जॅकेटांत हाच भरलेला असे. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि अमेरिकेचा पुरवठा तुटला. मग १९४४ च्या शरद ऋतूत तिथल्या शाळकरी मुलांना रानोमाळ पाठवून मिल्कवीडची बोंडं गोळा करवली गेली. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं रोप. उशीतल्या कापसाची जागा भरायला रानातल्या म्हाताऱ्या कामी आल्या!

युद्धानंतर कृत्रिम फोम आला आणि कपोकची बाजारातली गरज ओसरली. झाडं मात्र फुलांसाठी शहरांत शिरत राहिली. चीनमधल्या ग्वांगझोउचं शहरफूल काटेसावरीचं. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्समध्ये कोरिसियाला ‘पालो बोर्राचो’ म्हणतात, म्हणजे दारुडं झाड. पोट सुटल्यासारखा बुंधा पाहिला की नाव पटतं. त्या फुगीर बुंध्यात पाणी साठलेलं असतं.

कापूस नकोसा होण्याची खरी कहाणी मात्र थंड देशांतल्या पॉप्लरची. सोव्हिएत काळात, विशेषतः युद्धानंतर, मॉस्कोत झटपट वाढणारी म्हणून ही झाडं भरमसाट लावली गेली. पॉप्लरमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात आणि लावलेल्यांत माद्या पुष्कळ होत्या; कापूस धरतात त्या माद्याच. जूनमध्ये रस्त्यांवर कापसाचे ढीग साचू लागले. काडी पडली तर ते भर्रकन पेटतात. शिंकांचा आळही यांच्यावरच येतो. तो मला अन्यायाचा वाटतो, कारण त्याच दिवसांत फुललेल्या गवताचे परागकण बहुतेकदा खरे गुन्हेगार असतात. बीजिंगमध्येही वसंतात पॉप्लर आणि विलो या झाडांच्या माद्यांबद्दल हीच तक्रार. उपाय म्हणून फक्त नराच्या फांद्यांपासून रोपं करायची रीत पडली. अमेरिकेत तर ‘बिनकापसाची’ पॉप्लर अशीच विकली जाते.

सावर आणि कोरिसियाला ही युक्ती लागू पडत नाही. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असल्यामुळे निवडायला नर झाड मुळात नाहीच.