अय्यंकाळी : रस्ता, शाळा आणि शेत यांवरच्या हक्काची लढाई

भारतीय टपाल खात्याने 2002 मध्ये ज्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, त्या अय्यंकाळी यांचे नाव केरळात घरोघरी माहीत असले तरी महाराष्ट्रात त्यांची ओळख अजून फारशी रुजलेली नाही. 28 ऑगस्ट 1863 रोजी त्रावणकोर संस्थानातील वेंगानूर या गावी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुलयर समाजात त्यांचा जन्म झाला. त्रावणकोरने गुलामगिरी 1855 मध्येच कायद्याने संपवली होती, पण भातशेतीत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या या समाजाच्या वाट्याला तो बदल नावापुरताच आला. हमरस्त्याने चालणे, अंगभर कपडे घालणे, डोक्याला फेटा बांधणे, मुलाला शाळेत पाठवणे, यांपैकी काहीही केले तरी मार खावा लागे. सवर्णांपासून किती पावले दूर राहायचे, हेही जातीनुसार ठरलेले होते.

सार्वजनिक रस्ते सर्वांना खुले असल्याचे सरकार सांगत होते, मात्र त्यांवर प्रत्यक्ष चालून दाखवणारा कोणी नव्हता. 1893 मध्ये अय्यंकाळींनी बैलगाडी विकत घेतली, बैलांच्या गळ्यात घंटा बांधल्या, स्वच्छ धोतर नेसून आणि डोक्याला फेटा गुंडाळून ते गाडीत बसले आणि मनाई असलेल्या रस्त्याने निघाले. वाटेत अडवणूक झाली, पण ते मागे फिरले नाहीत. पुढे त्यांच्यासोबत तरुणांचे जथे चालू लागले, तेव्हा बाळरामपुरम येथे हाणामाऱ्या झाल्या आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या धाडसाची किंमत कळते.

त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. कदाचित म्हणूनच शाळेचा प्रश्न त्यांनी सर्वांत जिव्हाळ्याने धरला. 1907 मध्ये त्यांनी साधुजन परिपालन संघम ही संघटना उभी केली. केरळातील समाजसुधारक नारायण गुरूंच्या प्रेरणेने चाललेल्या चळवळीचा आदर्श त्यांच्यासमोर होता. सरकारने दलित मुलांना प्रवेश देण्याचे आदेश काढले, पण गावोगावच्या शाळांनी ते जुमानले नाहीत. ऊरूट्टंबलम येथे पंचमी नावाच्या मुलीला घेऊन अय्यंकाळी स्वतः शाळेत गेले आणि तिला बाकावर बसवले, तर विरोधकांनी ती शाळाच पेटवून दिली. त्या आगीतून अर्धवट जळालेला एक बाक वाचला आणि तो त्याच शाळेत जपून ठेवलेला आहे.

मुलांना शाळा नाही तर शेतात मजूर नाहीत, असा पवित्रा घेऊन त्यांनी शेतमजुरांचा संप पुकारला. मारहाण थांबावी, विश्रांती मिळावी या मागण्याही त्याला जोडलेल्या होत्या. शेते तणाने भरली, जमीनदारांना स्वतः चिखलात उतरून पाहावे लागले, आणि उपासमारीच्या काळात किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी संपकऱ्यांना आधार दिला. भारतात कामगार संघटना नीट आकारालाही आल्या नव्हत्या, अशा वेळी भूमिहीन मजुरांनी पोरांच्या शिक्षणासाठी इतके दिवस काम बंद ठेवले, ही माझ्या मते त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठी घटना आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते.

1911 मध्ये श्रीमूलम प्रजासभेवर, म्हणजे त्रावणकोर संस्थानातील प्रजेच्या प्रतिनिधींच्या सभेवर, त्यांची नियुक्ती झाली. तेथे ते वर्षानुवर्षे जमीन, शिष्यवृत्त्या आणि शाळाप्रवेश यांबद्दल बोलत राहिले. 1915 मध्ये कोल्लमजवळच्या पेरिनाड परिसरात स्त्रियांनी जातीची खूण म्हणून सक्तीने घालाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा टाकून देण्याचा निर्धार केला, तेव्हा दंगली उसळल्या आणि झोपड्या जाळल्या गेल्या. त्यानंतर अय्यंकाळींनी कोल्लम शहरात सभा बोलावली आणि त्या सभेत स्त्रियांनी सर्वांसमक्ष गळ्यातल्या माळा काढून टाकल्या.

त्रावणकोरच्या महाराजांनी 12 नोव्हेंबर 1936 रोजी मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. इतिहासाच्या पुस्तकांत हा जाहीरनामा ठळकपणे येतो, पण त्याआधीची चार दशके रस्त्यावर, शाळेच्या दारात आणि भातखाचरांत गेलेली होती. जानेवारी 1937 मध्ये गांधीजी वेंगानूरला आले, तेव्हा अय्यंकाळींनी आपल्या समाजातले दहा तरुण बी.ए. झालेले पाहण्याची इच्छा बोलून दाखवली. 18 जून 1941 रोजी त्यांचे निधन झाले.