स्टोरेज नेटवर्किंग आणि नेटवर्क व्यवस्थापन : मूलभूत संज्ञा

अनेक संगणकांना लागणारा डेटा सामायिक उपकरणांवर ठेवून तो जाळ्यातून पुरवण्याच्या तंत्राला स्टोरेज नेटवर्किंग म्हणतात. त्या जाळ्यावर लक्ष ठेवणे, बिघाड शोधणे आणि मांडणीतील बदलांची नोंद राखणे हे नेटवर्क व्यवस्थापनाचे काम. कोल्हापुरात शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री, सहकारी बँका, महाविद्यालये अशा ठिकाणी या संज्ञांशी गाठ पडते. डिस्क बसवलेल्या कुठल्याही पेटीला सरसकट ‘सर्व्हर’ म्हणण्याची सवय असल्याने खरेदीच्या वेळी घोटाळा होतो तो इथेच.

संगणकाला थेट केबलने जोडलेली साठवण म्हणजे डीएएस (डायरेक्ट अटॅच्ड स्टोरेज). नास (नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज) आणि सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क) दोन्ही जाळ्यावर असतात, पण फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी, कोण सांभाळतो यावर त्यांचा भेद ठरतो. नासमध्ये ती पेटीकडेच असते. संगणक एनएफएस किंवा एसएमबी या फाइल देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलमार्फत फाइल नावाने मागतो. फाउंड्रीतील पॅटर्नची ड्रॉइंग डिझाइन विभाग आणि शॉप फ्लोअर दोघांनाही हवी असतील, तर नास पुरतो.

सॅनमध्ये संगणकाला नुसते ब्लॉक, म्हणजे डेटाचे क्रमांकित कप्पे, मिळतात. साठवणीचा मिळालेला तुकडा, म्हणजे लन, त्याला स्वतःची डिस्क वाटते आणि फाइल सिस्टिम तोच मांडतो. त्यामुळे एकच लन दोन सर्व्हरना साध्या फाइल सिस्टिमसह दिला, तर दोघे एकमेकांच्या नकळत लिहीत राहतात आणि डेटा नासतो. यासाठी अनेक सर्व्हरच्या लेखनाचा मेळ राखणारी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते. चुकून असे होऊ नये म्हणून फायबर चॅनल या साठवणीच्या खास जाळ्याच्या स्विचमध्ये झोनिंग (कोणते उपकरण कोणाशी बोलेल हे ठरवणे) आणि स्टोरेज अ‍ॅरेमध्ये, म्हणजे डिस्कच्या पेटीत, लन मास्किंग (कोणता लन कोणत्या सर्व्हरला दिसेल हे ठरवणे) करतात. झोनिंगमध्ये उपकरणाची ओळख बहुधा ६४ बिटांच्या वर्ल्ड वाइड नेमने पटवली जाते. आयस्कझी हेच ब्लॉक साध्या इथरनेटवरून, टीसीपीच्या ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर नेते. मागणारा तो इनिशिएटर, पुरवणारा तो टार्गेट. त्यासाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळे काढलेले आभासी जाळे, ठेवावा; ऑफिसच्या वाहतुकीत ते मिसळले की पहिली तक्रार डेटाबेसवाल्यांची येते.

अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी डेटा टिकवण्याची, म्हणजे रेडची, कल्पना बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. रेड ५ एक डिस्क गेली तरी तगते, रेड ६ दोन. मात्र रेड हा बॅकअप नव्हे : चुकून पुसलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून जाते. नेहमीचा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची एका क्षणाची टिपलेली स्थिती, तोही त्याच अ‍ॅरेवर असतो. दुसऱ्या जागी प्रत ठेवण्याला रेप्लिकेशन म्हणतात. ही दुसरी जागा त्याच गावात असण्यात फारसा अर्थ नाही; ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गच अनेक दिवस बंद होता. प्रत पुण्यात ठेवायची तर अंतर सुमारे २३० किमी. काचतंतूतून प्रकाशाला जाऊन येण्यातच दोन मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि सिंक्रोनस पद्धतीत, दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे जायचे असल्याने, प्रत्येक लेखन तेवढे थांबते. म्हणून बहुतेक जण असिंक्रोनस, म्हणजे प्रत मागाहून पाठवण्याची, पद्धत घेतात. तिच्यात अखेरच्या काही मिनिटांचा डेटा गमावण्याची तयारी ठेवावी लागते. ही मर्यादा म्हणजे आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह). सेवा पुन्हा सुरू व्हायला किती वेळ चालेल, तो आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह).

व्यवस्थापनासाठी सर्वाधिक रुळलेला प्रोटोकॉल एसएनएमपी (सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल), तोही १९८८ चाच. उपकरणातील एजंट हा छोटा प्रोग्राम आपली मोजमापे एमआयबी या रचनेत मांडतो. प्रत्येक मापाला ओआयडी हा क्रमांक असतो. लक्ष ठेवणारा मॅनेजर प्रोग्राम यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर विचारणा करतो, तर एजंट आपणहून १६२ वर ट्रॅप, म्हणजे इशारा, पाठवतो. ट्रॅपची पोच मिळत नाही, तो वाटेत हरवू शकतो. म्हणून नियमित विचारणा टाळता येत नाही. धोक्याच्या मर्यादा दोन असाव्यात, जशा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. केवळ डिस्क ९५ टक्के भरल्यावर सूचना लावली, तर नव्या डिस्कची ऑर्डर पोहोचेपर्यंत जागा संपलेली असते. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो आणि कित्येक उपकरणांत तो मुळातला ‘पब्लिक’ असाच राहिलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीत ओळखपडताळणी आणि कूटलेखन दोन्हींची सोय आहे.