ठिपके गेले, रोग नाही गेला

घरच्या टाकीतल्या माशाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठतात. दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, दोन-तीन दिवसांत अंग स्वच्छ होतं, औषधाला गुण आला असं ठरतं आणि उरलेली बाटली कपाटात जाते. पुढच्या आठवड्यात पहिल्याच्या दसपट ठिपके, तेही सगळ्याच माशांवर. औषध घातलं नसतं तरी पहिले ठिपके साधारण त्याच सुमारास गळाले असते.

या परजीवीचं नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. १८७६ साली फुके या फ्रेंच संशोधकाने ते दिलं. अर्थ लावायचा तर ‘माशावरची लेकुरवाळी ऊ’. ती ऊ नाही, अंगभर केसासारख्या तंतूंचा एकपेशीय जीव आहे. पण ‘लेकुरवाळी’ हे अगदी खरं.

ठिपका म्हणजे एक वाढलेली पेशी. ती माशाच्या अंगावर नसते, कातडीच्या वरच्या थराखाली असते. तिथे गोल गोल फिरत ती माशाच्या पेशी खाते आणि एक मिलिमीटरपर्यंत वाढते. वर माशाचीच कातडी आणि बुळबुळीत स्राव असल्यामुळे पाण्यातलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. भरपूर खाऊन झालं की ती कातडी फोडून बाहेर पडते, तळाच्या खडीला किंवा झाडाच्या पानाला चिकटते आणि स्वतःभोवती चिकट कवच करते. इथेही औषध चालत नाही. कवचात ती दुभंगत जाते: एकाचे दोन, दोनाचे चार. अशा दहा फेऱ्या झाल्या की १०२४ पिल्लं. २५ अंश सेल्सियसला हे जेमतेम एका दिवसात उरकतं. मग कवच फुटतं आणि पिल्लं मासा शोधत पोहू लागतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

औषध लागू पडतं ते या उघड्यावर पोहणाऱ्या पिल्लांवर, फक्त तेवढ्याच वेळात. पण टाकीतले सगळे परजीवी एकाच वयाचे नसतात. काही कातडीखाली, काही खडीत, काही पोहणारे. म्हणून पाणी सलग दहा-बारा दिवस औषधी ठेवावं लागतं, म्हणजे जो जेव्हा बाहेर येईल तेव्हा सापडेल.

तापमानाचा उपयोगही इथेच आहे. २५ अंशांना आठवड्याच्या आत संपणारं चक्र १० अंशांना महिन्याहून लांबतं. पाणी गरम केलं की परजीवी लवकर उघड्यावर येतो, आणि ३० अंशांवर त्याच्या बहुतेक वाणांची वाढच अडते.

बाटलीऐवजी मिठाने उपचार करायचा तर तो असा. २ × १ × १ फुटाच्या टाकीत खडी वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी असतं. लिटरला २ ग्रॅम हिशेबाने ९० ग्रॅम जाडं मीठ घ्या. ते ३० ग्रॅमच्या तीन हप्त्यांत, बारा-बारा तासांनी, मगभर पाण्यात विरघळवून घाला. खडे थेट टाकू नका. आयोडीनयुक्त मिठाने मासे मरतात हा समज चुकीचा आहे, त्यातलं आयोडीन फार थोडं असतं. कोरिडोरस, लोच असे तळाशी राहणारे मासे किंवा नाजूक पाणवनस्पती असतील तर मीठ निम्मं. हीटरने तापमान दिवसाला दोन अंश असं ३० पर्यंत न्या. गोल्डफिश असतील तर २६ वर थांबा आणि दिवस वाढवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो (२५ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६), आणि आजारी माशाचे कल्ले आधीच पोखरलेले असतात, तेव्हा एअर पंप चोवीस तास चालू हवा.

रोज सायफनने तळाची खडी ओढून ११ लिटर पाणी काढा. कवचं तिथेच असतात, ही निम्मी लढाई आहे. नव्या पाण्यात २२ ग्रॅम मीठ, क्लोरीन घालवायला हायपो, आणि तापमान टाकीइतकंच. बाटलीतलं औषध वापरायचं तर फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. मेथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, टाकीत ओतलं की फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मरतात. मग मासे ठिपक्यांऐवजी अमोनियाने मरतात आणि दोष रोगाला जातो. शेवटचा ठिपका गळाल्यावर आणखी एक आठवडा हेच चालू ठेवा.

मासा मेला की हमखास ऐकू येतं, ‘घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं.’ त्या समाधानात खडी तशीच राहते आणि नवा मासा त्याच पाण्यात सोडला जातो. त्याने कोणाचं संकट घ्यायचं?

नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, जाळीही वेगळी. ती कडक वाळली की परजीवी मरतो. अंगावर ठिपके नाहीत पण मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवतोय, खडीला अंग घासतोय, तर परजीवी कल्ल्यांत असू शकतो. तेव्हा ठिपक्यांची वाट पाहू नये. सोनेरी धुळीसारखा थर हा वेगळा रोग, कापसासारखे पुंजके म्हणजे बुरशी. आणि नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर व पुढच्या परांच्या कडेवर ओळीने पांढरे दाणे असतील तर ती विणीच्या हंगामाची खूण आहे. त्याला मीठ लागत नाही.